घोड्यांच्या मुलखातले गाव



शहर जवळ असणे हे गावाचे भाग्य की दुर्दैव? पुण्या-नाशिकच्या आसपास राहणाऱ्या कोणालाही हा प्रश्न विचारून पाहा. दुधाला गिऱ्हाईक जवळ, मुलांना कॉलेज जवळ, अडीअडचणीला दवाखाना जवळ, हे झाले भाग्य. पण ज्या वाटेने आपले दूध शहरात जाते, त्याच वाटेने शहर एक दिवस आपल्या बांधावर येऊन उभे राहते आणि विचारते, "काय हो, एकराचा काय भाव?" त्या प्रश्नाला काय उत्तर द्यायचे यावर गावाचे पुढचे शंभर वर्षांचे जिणे ठरते. आज मी तुम्हांला अशाच एका गावाची हकिकत सांगणार आहे. गाव फार लांबचे, अमेरिकेतले आहे. पण हकिकत ऐकता ऐकता तुम्हांला आपल्याच शिवारात उभे असल्यासारखे वाटले, तर त्यात माझा दोष नाही.

शिक्षक मंडळींनी वर्गातला अमेरिकेचा नकाशा भिंतीवर अडकवावा. ओहायो नावाची मोठी नदी सापडली की तिच्या दक्षिणेला केंटकी हे राज्य दिसेल. त्या राज्याच्या मध्यभागी लेक्सिंग्टन शहर आहे. २०२०च्या शिरगणतीत त्याची वस्ती सुमारे सव्वातीन लाख भरली. तेथून पश्चिमेला वीसेक किलोमीटरवर मिडवे नावाचे गाव आहे. वस्ती जेमतेम सतराशे. आपल्याकडची एखादी मोठी वाडीसुद्धा याहून मोठी असेल! गावातली बरीच माणसे सकाळी मोटारीने लेक्सिंग्टनला किंवा दुसऱ्या अंगाला असलेल्या फ्रँकफर्ट या राजधानीच्या गावी नोकरीला जातात आणि संध्याकाळी परत येतात. वाट अर्ध्या तासाची. आणि ती वाट कशी? दोन्ही हातांना हिरवीगार कुरणे, त्यांना काळ्या किंवा पांढऱ्या फळ्यांची कुंपणे, आणि कुंपणाच्या आत घोड्या व त्यांच्या पायांत घोटाळणारी शिंगरे. जगातल्या शर्यतीच्या घोड्यांपैकी कितीतरी नामांकित घोडे याच मुलखात जन्मले.

आता गंमत पाहा. घोड्यांच्या या गावाला जन्म दिला तो रेल्वेने. १८३० साली लेक्सिंग्टनच्या व्यापाऱ्यांनी ओहायो नदीपर्यंत आगगाडी न्यायचे मनावर घेतले. १८३४पर्यंत रूळ फ्रँकफर्टला पोहोचले. वाटेत मध्यावर कंपनीने एक शेत विकत घेतले आणि तेथे गाव आखले. मध्यावरचे म्हणून मिडवे. केंटकीत रेल्वेने वसवलेले हे पहिलेच गाव. रूळही कसले, तर चुनखडीच्या दगडाचे लांब तुकडे ओळीने मांडायचे आणि त्यांवर लोखंडाच्या पट्ट्या ठोकायच्या. आणि सुरुवातीला त्यांवरून डबे ओढले घोड्यांनी! आजही मिडवेच्या मुख्य रस्त्याच्या बरोबर मधून रूळ जातात. दोन्ही बाजूंना दुकाने आणि मधून मालगाडी, असा तो देखावा आहे.

पण घोडे येथेच का? आपल्याकडे भीमथडीची तट्टे प्रसिद्ध झाली ती त्या मुलखामुळे, तेथल्या पाण्या-चाऱ्यामुळे, असे जुनी माणसे सांगत. तेच येथेही. या मुलखाखाली चुनखडीचा कातळ आहे, पंचेचाळीस कोटी वर्षांपूर्वीच्या समुद्राच्या तळाशी साचलेला. त्यात फॉस्फरसही भरपूर आहे. कातळ झिजून जी माती होते तिच्यात कॅल्शियम आणि फॉस्फरस दोन्ही उतरतात, मातीतून गवतात आणि गवतातून शिंगराच्या हाडांत. शर्यतीच्या घोड्याचे सगळे दैव त्याच्या बारीक पायांवर, तेव्हा हाड मजबूत हवे हे काय सांगायला पाहिजे! या गवताला ब्ल्यूग्रास, म्हणजे निळे गवत म्हणतात. ते निळे नसते बरं का. बीज धरते तेव्हा तुऱ्याला किंचित निळसर झाक येते, इतकेच. आणि ते मूळचे तेथले नव्हेच, युरोपातून आलेल्या वसाहतवाल्यांबरोबर आले. पण मुलखाने ते असे आपले केले की त्या सबंध प्रदेशालाच ब्ल्यूग्रास हे नाव पडले.

त्या कुरणांना फळ्यांच्या कुंपणांआधी दगडाची कुंपणे होती, आणि काही अजून उभी आहेत. कोकणातल्या मंडळींना चटकन कळेल: माती नाही, चुना नाही, नुसता दगडावर दगड रचून घातलेला गडगा. ही विद्या आयर्लंडहून आलेल्या गवंड्यांनी आणली. त्यांच्या हाताखाली जी माणसे शिकली आणि पुढे ज्यांनी मैलोगणती गडगे घातले, ती माणसे गुलाम होती. येथून आपल्या हकिकतीला वेगळे वळण लागते.

मिडवे ज्या वुडफर्ड जिल्ह्यात आहे, तेथे १८६० साली निम्म्याच्या आसपास माणसे गुलाम होती. बापजाद्यांना आफ्रिकेतून धरून आणलेली, बाजारात विकली जाणारी माणसे. घोड्यांची सारी उस्तवार त्यांच्याकडे. खरारा करणारा मोतद्दार तो, घोडा फिरवणारा चाबूकस्वार तो, शर्यतीत पाठीवर बसणारा पोरगाही तोच. घोड्याला काय हवे-नको हे ज्याला कळते, त्याला स्वतःला काय हवे हे विचारणारे कोणी नव्हते.

मिडवेजवळ वुडबर्न नावाचा मोठा घोडपैदाशीचा मळा होता. मालक रॉबर्ट अलेक्झांडर. १८५६ साली त्याने पंधरा हजार डॉलरला एक घोडा घेतला. घोड्याचे नाव लेक्सिंग्टन, शहराच्याच नावाचे. घोडा आंधळा होत चालला होता, शर्यतींतून निवृत्त झाला होता. लोक अलेक्झांडरला हसले म्हणे. पण या आंधळ्या घोड्याच्या संततीने इतक्या शर्यती जिंकल्या की एकंदर सोळा वर्षे देशातल्या सर्व पैदाशीच्या घोड्यांत त्याचा पहिला क्रमांक राहिला. हा घोडा आधी डार्ली नावाने धावला तेव्हा त्याला तयार करणारा हॅरी नावाचा एक काळा माणूस होता, गुलामगिरीतून सुटलेला. घोडा शर्यतीपुरता त्याने खंडाने घेतला होता. पण काळ्या माणसाने स्वतःच्या नावावर घोडा शर्यतीत उतरवायचा नाही, असा रिवाज. म्हणून घोडा धावला मूळ मालकाच्या नावाने. हॅरीचा घाम आणि दुसऱ्याचे नाव.

१८५८च्या सुमारास याच अलेक्झांडरने सात-आठ वर्षांचा एक मुलगा विकत घेतला. एडवर्ड ब्राउन त्याचे नाव. शिक्षक मंडळी, तुमच्या दुसरी-तिसरीच्या वर्गातली मुले डोळ्यांपुढे आणा. त्या वयाचा हा मुलगा. तागडीत घातलेल्या गुळासारखा त्याचा भाव ठरला आणि तो मिडवेच्या वाटेने वुडबर्नला आला. तेथल्या पागेत तो वाढला, घोड्यावर बसायला शिकला, आणि मळ्याच्या अ‍ॅस्टरॉइड या नामी घोड्यावर बसून त्याने शर्यती जिंकल्या.

तोवर अमेरिकेत यादवी युद्ध पेटले होते. घोडा म्हणजे लढाईतले सोने. लुटारूंच्या टोळ्या वुडबर्नवर दोनदा तुटून पडल्या आणि घोडे पळवून नेले. शेवटी १८६५ साली अलेक्झांडरने उरलेले घोडे शेजारच्या इलिनॉय राज्यात हलवले. त्याच वर्षाच्या डिसेंबरात केंटकीतले गुलाम कायद्याने मोकळे झाले.

मोकळे झाले, पण जायचे कोठे? जमीन नाही, घर नाही. मोठ्या मळेवाल्यांनाही मोतद्दार हवेच होते. मग मळ्यांच्या कडेला, जेथे जमीन हलकी किंवा अडचणीची, तेथे लहान लहान तुकडे पाडून या लोकांना विकले गेले आणि त्यांच्या वाड्या वसल्या. मॅडॉक्सटाउन, केडनटाउन, हंटरटाउन ही त्यांतली काही नावे. एक देऊळवजा चर्च, एक शाळा, पाठीमागे भाजीचा वाफा, आणि सकाळी उठून चालत मळ्यावर. शहरातून गावात राहायला आलेल्या माणसाला ही वस्ती चित्रासारखी सुंदर दिसते, पण तिची आखणी अशी झाली आहे. मोठे मळे आणि त्यांना टेकलेल्या या वाड्या, दोन्ही मिळून तो मुलूख आहे.

आणि या वाड्यांतल्या माणसांनी काय करून दाखवले ते ऐका. १७ मे १८७५ रोजी लुईव्हिल शहरात केंटकी डर्बी ही शर्यत पहिल्यांदा झाली. पंधरा घोडे धावले. त्यांतल्या तेरांवर काळे जॉकी होते. जिंकणारा ऑलिव्हर लुईस काळा. त्याचा घोडा तयार करणारा अ‍ॅन्सेल विल्यमसन हाही काळा, एके काळचा वुडबर्नचा गुलाम. दोनच वर्षांनी, १८७७ साली, डर्बी जिंकणारा घोडा तयार केला कोणी? आपल्या एडवर्ड ब्राउनने! आयझॅक मर्फीने तीनदा डर्बी जिंकली: १८८४, १८९० आणि १८९१. पहिल्या अठ्ठावीस डर्बींपैकी पंधरा काळ्या स्वारांनी जिंकल्या.

पुढे काय झाले? धंद्यात पैसा वाढला, मान वाढला, आणि ज्या जागेला मान आला त्या जागेवरून काळा माणूस उठवला गेला. गोऱ्या जॉकींनी एकी करून त्यांना मैदानात दाबायचे, घोडा कठड्याला घासायचा, आणि मालकांनी काळ्यांना काम द्यायचे बंद करायचे, असे चालले. लेक्सिंग्टनजवळच जन्मलेल्या जिमी विंकफील्डने १९०१ आणि १९०२ अशी दोन वर्षे डर्बी जिंकली. त्यानंतर काळ्या जॉकीला ती कधी जिंकता आलेली नाही. विंकफील्ड रशियात गेला, तेथून फ्रान्समध्ये, आणि तेथे नाव मिळवले. १९६१ साली त्याला मानाने मेजवानीचे आमंत्रण आले आणि तो लुईव्हिलला आला, तर हॉटेलाच्या दारावर त्याला आधी अडवले!

काळ्या माणसाला स्वारी राहिली नाही, पण खरारा राहिला. मॅडॉक्सटाउन वाडीतला विल हारबट हा मॅन ओ' वॉर या घोड्याचा मोतद्दार. मॅन ओ' वॉर एकवीस शर्यतींत धावला आणि वीस जिंकला. निवृत्तीनंतर त्याला पाहायला लाखो माणसे त्या मळ्यावर येत, आणि हारबट त्यांना घोड्याचे चरित्र असे रंगवून सांगे की माणसे घोड्याइतकीच त्याला ऐकायला येत. १९४७च्या ऑक्टोबरात हारबट वारला. घोड्यांच्या एका नियतकालिकाने त्याच्यामागे राहिलेल्यांची नावे छापली: पत्नी, मुलगे, मुली, आणि मॅन ओ' वॉर. महिनाही उलटला नाही तो १ नोव्हेंबरला घोडाही गेला. त्याला ओकच्या लाकडाच्या पेटीत ठेवून पुरले, आणि तो सोहळा रेडिओवरून ऐकवला गेला. आपल्या रेडिओवाल्यांना ही गोष्ट सांगितली तर ते कोठली फीत मिळते का ते शोधू लागतील.

आता शहराकडे वळू. १९५६ साली आय.बी.एम. कंपनीने विजेच्या टंकलेखन यंत्रांचा कारखाना लेक्सिंग्टनला काढायचे ठरवले. कारखाना आला की माणसे येतात, माणसांना घरे लागतात, आणि घरे कोठे होणार? कुरणांत. १९५८ साली लेक्सिंग्टनच्या नियोजन मंडळाने एक गोष्ट केली, जी त्या देशात तोवर कोणत्याच शहराने केली नव्हती. नकाशावर शहराभोवती एक रेघ ओढली. रेघेच्या आत नव्या वसाहती होतील, तेथे सांडपाण्याची गटारे शहर देईल. रेघेच्या बाहेर शेती आणि घोडे. तेथे गटार नाही, म्हणजे दाट वस्तीही नाही.

घोड्यांच्या प्रेमापोटी हे झाले असे कोणी समजू नये. हिशेब बराचसा गटाराचा होता. घरे विखुरली की प्रत्येकापर्यंत नळ नेण्याचा खर्च शहराच्या बोडक्यावर. शिवाय चुनखडीच्या कातळात भेगा आणि पोकळ्या फार. मैल्याचे पाणी जमिनीत सोडले तर ते दूरच्या झऱ्यात वर येते. ज्या दगडाने घोड्याचे हाड घडवले, त्याच दगडाने घरे आवरली म्हणा ना! पुढे रेघेबाहेर घर बांधायला कमीत कमी दहा एकरांचा तुकडा हवा असा नियम झाला. पण झाले उलटेच. शहरातल्या सुखवस्तू लोकांनी दहा-दहा एकर घेऊन मधोमध बंगले बांधले. ना धड शेती, ना धड वस्ती. १९९९ साली ती मर्यादा चाळीस एकरांवर नेली. आणि २००० सालापासून शहराने आणखी एक तोड काढली, जी आपल्याकडच्या शेतकऱ्यांनी नीट ऐकावी. जमीन शेतकऱ्याचीच, त्यानेच कसायची, मुलांना द्यायची, वाटल्यास विकायचीही. फक्त तिच्यावर वसाहत उठवण्याचा हक्क तेवढा तो शहराला कायमचा विकतो आणि त्याचे पैसे घेतो. मग ती जमीन कोणाच्याही हाती गेली तरी कुरणच राहते. अशी तीस हजार एकरांहून अधिक जमीन बांधून घेतली आहे. संकल्प पन्नास हजारांचा आहे.

रेघ ओढली म्हणून सगळे वाचले असे मात्र नाही. शहराच्या पूर्वेला हॅम्बर्ग प्लेस नावाचा मळा होता. जॉन मॅडन नावाच्या माणसाचा. १८९८ची डर्बी जिंकलेला प्लॉडिट हा घोडा याच मॅडनकडे होता, आणि तो त्याला विकला होता एडवर्ड ब्राउनने. १९१९ साली अमेरिकेतल्या तीन मोठ्या शर्यती एकाच वर्षी जिंकणारा पहिला घोडा सर बार्टन, तोही याच मळ्यावर जन्मला. आज तेथे दुकानांची अफाट पेठ आहे. सर बार्टनच्या नावाचा रस्ता आहे, त्यावर मोटारी धावतात. मळ्यावर घोड्यांची स्मशानभूमी होती. एका मोठ्या दुकानाला जागा हवी म्हणून तीही उचलून बाजूला नेली. शहराच्या वाढत्या अंगाला वळसा घालणाऱ्या हमरस्त्याचे नाव मॅन ओ' वॉर. जो गेला त्याचे नाव रस्त्याला देण्याची रीत सगळीकडेच सारखी दिसते.

आणि रेघेचा दुसरा हिशेबही मांडलाच पाहिजे, नाहीतर तो मी लपवला असे होईल. आत जागा मोजकी, म्हणून घरांचे भाव चढतात. बाहेर जे मळे वाचले त्यांतले कितीतरी अतिश्रीमंतांचे. दुबईच्या राजघराण्याचेही तेथे मळे आहेत. १९८५ साली त्याच भागातल्या कीनलँडच्या लिलावात वर्षाच्या एका शिंगराला एक कोटी एकतीस लाख डॉलर पडले. पहाटे त्या शिंगराच्या पागेतली लीद काढणारा माणूस आज बहुधा मेक्सिकोतून किंवा मध्य अमेरिकेतून आलेला असतो, आणि त्याने भाड्याने कोठे राहायचे हा प्रश्न त्याचा त्यानेच सोडवायचा असतो. जुन्या वाड्यांपैकी काहींना रेघेने आत घेतले. केडनटाउनभोवती आता शहराच्या वसाहती आहेत, जुनी शाळा तेवढी उभी आहे. तेव्हा रेघ ओढणे चांगले की वाईट, असे कोणी मला एका शब्दात विचारले तर मी म्हणेन, चांगले; पण ती ओढताना खोलीत कोण बसले होते आणि कोण नव्हते, हे आधी विचारा. २०२३ साली घरांच्या टंचाईपायी लेक्सिंग्टनने ही रेघ सुमारे अठ्ठावीसशे एकरांनी पुढे सरकवायचे ठरवले. १९९६नंतर प्रथमच. त्यावरून गावात दोन तट पडले: घोडेवाले आणि शेतकरी एका बाजूला, घर शोधणारे आणि बांधणारे दुसऱ्या. दोघांचेही म्हणणे खरे होते, हीच त्यातली अडचण.

मिडवे या रेघेच्या बाहेर, दुसऱ्या जिल्ह्यात आहे. प्रवासी आगगाड्या थांबल्या तशी तेथली पेठ एकदा ओस पडली होती. मग मोटारीतून येणाऱ्यांनी तीत जीव आणला, जुन्या वस्तूंची दुकाने आणि खाणावळी थाटल्या. घोड्यांच्या वर्षाचा क्रम मात्र तोच. शर्यतीच्या नियमाने तेथल्या प्रत्येक घोड्याचा वाढदिवस १ जानेवारीला धरतात, मग तो कधीही जन्मो. म्हणून सगळ्यांची धडपड शिंगरू वर्षारंभी पडावे अशी. घोडी अकरा महिने गाभण राहते, तेव्हा फेब्रुवारीच्या कडाक्यात रात्र रात्र पागांतले दिवे जळत असतात आणि शहरातून परतणारा नोकरदार ते पाहत घरी जातो.

आयझॅक मर्फीची कबर लेक्सिंग्टनात कित्येक वर्षे हरवली होती. साठीच्या दशकात एका वृत्तपत्रवाल्याने ती शोधून काढली. १९६७ साली त्याच्या अस्थी मॅन ओ' वॉरच्या शेजारी नेल्या, आणि आता दोघेही शहराच्या उत्तरेला केंटकी हॉर्स पार्क या मोठ्या उद्यानात आहेत. वुडबर्नचा तो आंधळा लेक्सिंग्टन, त्याचा सांगाडाही वॉशिंग्टनच्या संग्रहालयातून २०१०मध्ये तेथेच आला. एडवर्ड ब्राउनला कोणी हलवले नाही. १९०६ साली तो लुईव्हिलला क्षयाने वारला आणि त्याला मिडवेत आणून काळ्या लोकांच्या जुन्या दफनभूमीत पुरले. अजून तो तेथेच आहे, जेथे सात-आठ वर्षांचा असताना विकत आणला गेला होता त्या मळ्यापासून थोड्याशाच अंतरावर.